रिकामे ताट

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी नेऊन देणे हे आमच्या घरी मुलांचे काम असे. ताटात दोन करंज्या, चार चकल्या, एक लाडू, मूठभर चिवडा आणि वर क्रोशाचा रुमाल. ताट पोचवायला वेळ लागत नसे. ते परत यायला मात्र लागे. शेजारच्या काकू ते लगेच रिकामे करून हातात देत नसत. घासूनपुसून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी त्यात आपल्या घरचे काही घालून पाठवीत. ज्या वर्षी काकूंचे सासरे गेले, त्या वर्षी त्यांच्याकडे तळण नव्हते. आम्ही नेलेले ताट तेव्हाही परत आले, आणि त्यात साखरेची एक वाटी होती. मी आईला विचारले, "साखर कशाला? आपल्याकडे आहे की." आई म्हणाली, "ताट रिकामे परत करू नये." त्यापलीकडे ती काही बोलली नाही. जुन्या बायका रीत सांगत, कारण सांगत नसत.

त्या रितीचे कारण मला कळायला २०१९ सालचा ऑगस्ट महिना यावा लागला. आणि ते कळले सांगलीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्याच्या जिन्यावर, हातात एक चहाचा पेला असताना.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर रेघ ओढली गेली. पाण्याने मात्र ती कधी मानली नाही. महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस कृष्णा आणि कोयना ह्या दोघी वेगवेगळ्या वाटांनी घेऊन निघतात, कऱ्हाडला समोरासमोर येऊन भेटतात, आणि तिथून एक होऊन सांगलीकडे जातात. आमच्याकडे पाऊस झाला की त्याची झळ त्यांना, हा ह्या दोन जिल्ह्यांमधला जुना व्यवहार आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपून ठेवल्या होत्या, त्या खुणाही बुडाल्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुलांसह कितीतरी माणसे बुडाली. सातारच्या आमच्या घरांत त्या दिवसांत पाऊस पागोळ्यांवरून गळत होता आणि आम्ही बातम्या पाहत चहा पीत होतो. तो चहा गोड लागत नव्हता, एवढे खरे.

पाणी ओसरल्यावर आम्ही दहाजण निघालो. गल्लीतून, शाळेतून, महिला मंडळातून जे जमले ते एका टेंपोत भरले होते: जुने कपडे, बिस्किटांचे खोके, चादरी, आणि बाळांच्या दुधाच्या भुकटीचे चाळीस डबे. डबे महाग असतात. त्यांच्यासाठी मी स्वतः दारोदार फिरून वर्गणी गोळा केली होती, आणि त्या चाळीस डब्यांचा मला अभिमान होता. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. तो गावाच्या सखल भागात आहे, फार मोठा नाही, आणि त्याची ओढाताण पुराच्या आधीपासूनची आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तळमजल्यावर माणूसभर उंचीपर्यंत पाण्याची रेघ होती. त्या रेघेखाली सगळे एकाच रंगाचे झाले होते. भिंत, टेबल, तपासणीचा पलंग, भिंतीवरचे हत्ती आणि ससे. पुराचा गाळ ओला आहे तोवर निघतो. एकदा वाळला की खरवडावा लागतो. आवारात दोऱ्या बांधून त्यांवर मुलांचे केसपेपर वाळत घातले होते, पापड वाळत घालावेत तसे. लसींचा फ्रीज खालीच होता, त्यामुळे लसी गेल्या. मुले वरच्या मजल्यावर हलवलेली, एका पलंगावर दोन-दोन. जुलाब आणि ताप हे पुराच्या मागून येणारे दुसरे पूर आहेत. ते बातम्यांत येत नाहीत.

तिथल्या मोठ्या सिस्टर जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिले. आम्ही चपला घालून आलो होतो. त्यांनी एका मावशींना हाक मारून कुठून तरी रबरी बूट मागवले, आम्हा दहाजणांची नावे लिहून घेतली, आणि डॉक्टरांना विचारून प्रत्येकाला गोळ्या दिल्या. गाळात उंदरांचे मूत मिसळलेले असते, त्यातून लेप्टोचा ताप येतो, पायाला जखम असेल तर फारच सहज येतो, असे त्यांनी समजावले. मदत घेऊन आलेल्यांना पहिली मदत त्यांनीच केली. त्यात त्यांचा पाऊण तास गेला. हा पाऊण तास वरच्या मजल्यावरच्या मुलांचा होता, हे मला त्या वेळी सुचले नाही.

मग मी डबे दाखवले. त्या म्हणाल्या, "ताई, हे वर नेऊ नका. खाली कपाटात कुलपात ठेवू."

मला वाटले, त्यांना चोरीची भीती आहे. परंतु कारण वेगळे होते. वर ज्या आया होत्या, त्या बहुतेक बाळांना अंगावर पाजत होत्या. डबा हाती आला की बाईला वाटते, आपले दूध घाबरल्यामुळे आटले आहे, हे विकतचे बरे. बाळ बाटलीला लागते, अंगावर ओढत नाही, आणि मग आईचे दूध खरोखरच आटते. बाटली उकळायला गॅस नाही, भुकटी कालवायला शुद्ध पाणी नाही. म्हणजे प्रत्येक घोटाबरोबर जुलाब. चाळीस डबे काही दिवसांत संपतात, टेंपो आपल्या गावी परत गेलेला असतो, आणि बाळापाशी ना डबा उरतो ना आईचे दूध. "ज्या लेकराची आईच जवळ नाही त्याला लागतील. तेव्हा डॉक्टर सांगतील तसे मी काढीन," असे म्हणून सिस्टरांनी किल्ली पदराला बांधली आणि विचारले, "पलंग घासून द्याल का खालचे? माणसे तेवढ्याला कमी आहेत."

खरे सांगायचे तर मला राग आला. आम्ही मुलांना भेटायला आलो होतो. त्यांच्या हातात बिस्किटे द्यावीत, त्यांनी हसावे, आम्ही त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि आमच्यातल्या तरुण पोराने एखादे छायाचित्र घ्यावे, असे ते चित्र मी साताऱ्याहून निघतानाच मनात रंगवून आणले होते. त्या चित्रात लोखंडी पलंग नव्हते. दिवसभर आम्ही अठरा पलंग घासले. एकही मूल आम्हाला जवळून दिसले नाही. वरून रडणे मात्र ऐकू येत होते.

पलंग घासता घासता जो प्रश्न माझ्या मनात आला, तो मी ह्या लेखात वाचकांपुढे ठेवते आहे. संकटात सापडलेल्या परक्या माणसाच्या मदतीला आपण जातो, तेव्हा नेमके कोणासाठी जातो?

ह्या प्रश्नाचे एक कडक उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेले ते राजस. आणि अवेळी, अपात्री, अवमान करून दिलेले ते तामस. ह्या मोजपट्टीने मोजले तर आमचे चाळीस डबे राजस ठरतात, कारण आम्हाला समाधान हवे होते. मग काय, मन पूर्ण शुद्ध होईपर्यंत आम्ही घरीच बसायला हवे होते? तसे झाले असते तर अठरा पलंग कोणी घासले असते?

जुलाब होत असलेल्या बाळाच्या शरीराला पाणी आणि मीठ लागते. ते पाजणाऱ्याचा हेतू त्या शरीराला कळत नाही. ह्याचे मोठे उदाहरण सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, मिरजेत आहे. विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडातला डॉक्टर अमेरिकन मिशनच्या वतीने इकडे आला आणि १८९४ साली त्याने मिरजेत रुग्णालय उभे केले. त्याच्या मनात धर्मप्रसाराचा हेतू होता, आणि तो त्याने लपवलेला नव्हता. लोकांनाही तो ठाऊक होता. तरीही दूरदूरच्या गावांतून बैलगाड्या मिरजेला येत राहिल्या. त्या गाडीत निजलेल्याला डोळा बरा व्हायला हवा होता, पोटातली गाठ निघायला हवी होती. त्याने आपला धर्म सांभाळला आणि गाठ काढून घेतली. वॉनलेस मात्र आला तसा गेला नाही. १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, तो ह्या भागात राहिला, आणि इथल्याच तरुणांना वैद्यक शिकवण्याची त्याने सोय केली. हेतू मिश्र होता म्हणून काम खोटे ठरले नाही.

मग हेतूला काहीच अर्थ नाही, असे म्हणायचे का? तेही मला पटत नाही. हेतू निरुपद्रवी असतो तो फक्त देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची गरज एकाच दिशेने चालते आहे तोवर. दोन वाटा फुटल्या की त्याची परीक्षा होते. मला डबे वाटायचे होते. बाळाला ते नको होते. अशा वेळी कोणाचे चालते? सिस्टर खंबीर होत्या म्हणून बाळाचे चालले. त्या जरा मऊ असत्या, किंवा देणगीदाराला दुखवू नये म्हणून गप्प बसत्या, तर माझ्या समाधानाची किंमत एखाद्या तान्ह्या मुलाने मोजली असती, आणि मला ते जन्मात कळले नसते. मी आयुष्यभर त्या चाळीस डब्यांची गोष्ट कौतुकाने सांगत राहिले असते. देण्याची हौस असणे हा दोष नव्हे. त्या हौसेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे, हा दोष.

म्हणून मदतीची पहिली कसोटी मला अशी वाटते: काय द्यायचे हे कोण ठरवतो? आम्ही साताऱ्यात बसून ठरवले होते. सांगलीला एक दूरध्वनी करून "काय हवे?" एवढे दोन शब्द कोणी विचारले नव्हते. विचारायचे सुचले नाही, असे मी स्वतःला सांगत होते. परंतु पलंग घासताना माणूस स्वतःशी जरा खरे बोलतो. सुचले नाही असे नव्हे. विचारले असते तर त्यांनी कदाचित झाडू, फिनेल आणि बूट सांगितले असते. आणि झाडूसाठी वर्गणी मागताना मला ती गोडी वाटली नसती.

चांगली मदत कशी असते ह्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते आणि ते लावायला हातही पुरत नव्हते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा ह्यांचे मिश्रण पाण्यात कालवून तोंडाने द्यायला सुरुवात केली, आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्याच नातेवाइकांवर सोपवले. ज्या रोगाने तिथे शंभरांत वीस-तीस माणसे दगावत होती, तिथे मृत्यूंचे प्रमाण शंभरांत चारांच्याही खाली आले. त्या औषधाची थोरवी सर्वांना माहीत आहे; आज खेड्यातल्या दुकानातही ती पुडी मिळते. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. डॉक्टरांनी उपचार आपल्या हातातून काढून आईच्या हातात दिला. जिच्याकडे कालपर्यंत फक्त रडायचे काम होते, तिच्या हाती वाटी आणि चमचा आला.

आता चहाची गोष्ट सांगते.

संध्याकाळी आम्ही हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात मावशी जिन्यावरून चहा घेऊन आल्या. दहा लहान पेले, पितळी तपेल्यातून गाळलेले. गावात दूध मिळत नव्हते. सकाळी सगळ्या कामकरी माणसांसाठी अर्धा लीटर आले होते, हे आम्ही ऐकले होते. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "नको, नको. तुम्हालाच लागेल."

मावशी जागच्या जागी थांबल्या. सिस्टर मागेच होत्या. त्या हसल्या, पण ते हसणे ओठांपुरते होते. म्हणाल्या, "आमच्या हातचा चहा चालत नाही होय?"

आपल्या प्रांतात हे वाक्य साधे नाही. माझ्या आजोळी मागच्या दाराशी कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला असे. तो कोणासाठी होता हे आम्हा मुलांना कोणी सांगितले नव्हते, आणि तरी आम्हाला माहीत होते. सिस्टर कोण, मावशी कोण, हे मी विचारले नव्हते; आजही मला ठाऊक नाही. पण त्या एका वाक्याने तो कोनाडा माझ्यापुढे उभा राहिला. आम्ही दयेपोटी नाही म्हणालो होतो. ते नाही त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत त्याला शंभर पिढ्यांचा वास लागला होता. आपण काय म्हणालो एवढ्यावर भागत नाही. ऐकणाऱ्याच्या घरात तो शब्द पूर्वी कोणत्या कामासाठी वापरला गेला, हेही त्या शब्दाला चिकटून असते.

मी पुढे होऊन पेला घेतला. मग सगळ्यांनी घेतला. आम्ही जिन्यावर बसून चहा प्यालो, आणि तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. दिवसभर आम्ही त्यांना मदत करीत होतो, परंतु आमची ओळख झाली नव्हती. कळले ते असे की सिस्टरांचे स्वतःचे घर सांगलीवाडीला होते आणि त्यात छपरापर्यंत पाणी गेले होते. त्या पहिल्या दिवसापासून दवाखान्यातच होत्या. घर अजून पाहिलेसुद्धा नव्हते. "बघून तरी काय करायचं? गाळ कुठं पळून जातोय?" त्या म्हणाल्या. सकाळपासून मी ज्यांच्यावर मनातून रागावले होते, त्या बाई आमच्याहून अधिक पूरग्रस्त होत्या. आणि आम्ही आणलेल्या चादरींपैकी एकही त्यांनी स्वतःसाठी काढून घेतली नव्हती.

वॉर्डातले एक वयस्कर मामा शेजारी बसले होते. त्यांनी विचारले, "साताऱ्याचं म्हणजे कुठलं तुम्ही? पाटणकडचं कोण हाय का?" मग सांगू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे त्यात गेली, कोयनानगर बसले. मामांचे वडील तेव्हा गावातल्या माणसांबरोबर भाकऱ्यांची गाठोडी आणि घोंगड्या घेऊन ट्रकने तिकडे गेले होते. "त्यांनी काय नेलं, किती काम केलं, ते कधी बोलले न्हाईत. एकच सांगायचे. एका म्हातारीनं पडलेल्या घरातनं हुडकून गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. थंडीत आलायसा, त्वांड गोड करा म्हणाली. मरेस्तोवर त्या गुळाचीच गोष्ट सांगायचे."

मला काकूंची साखरेची वाटी आठवली.

ज्याच्या घरून ताट दरवर्षी येते पण ज्याच्या घरी ताट कधी जात नाही, तो शेजारी राहत नाही. तो आश्रित होतो. त्याने कृतज्ञ राहावे, आवाज खाली ठेवावा, दिलेले आवडले असे म्हणावे, असे आपोआप ठरून जाते. साखरेची वाटी हे करंजीचे मोल नव्हते. दुःखात असलो तरी आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत, एवढेच काकूंना म्हणायचे होते, आणि आईने ती वाटी ठेवून घेऊन त्याला मान डोलावली. गुळाचा खडा तोच, जिन्यावरचा चहाही तोच. संकटाने माणसाचे घर जाते, भांडी जातात, कागद जातात. पण दुसऱ्याला काही देण्याचा हक्क संकट हिरावून घेत नाही. तो हक्क आपण मदत करणारे हिरावून घेतो, तेही "तुम्हालाच लागेल" अशा गोड शब्दांत.

इथे कोणी म्हणेल, ही तर देवघेव झाली. सेवेचा बाजार झाला. गीतेने ज्या परतफेडीला दूर ठेवले, तिला तुम्ही उंबरठ्याच्या आत घेता आहात. आक्षेप योग्य आहे. त्याला माझे उत्तर असे: परतफेडीची अपेक्षा धरणे वेगळे, आणि समोरून आलेले स्वीकारणे वेगळे. पहिल्यात मी धनको होते. दुसऱ्यात मी धनकोपण सोडून देते. अपेक्षा न ठेवणे पुष्कळांना जमते, कारण त्यात उंच आसनावर बसून राहता येते. हात पुढे करून घेणे हे जड जाते, कारण त्यासाठी खाली जिन्यावर बसावे लागते.

परंतु दुसरा आक्षेप माझ्या उत्तराला पुरता आवरत नाही, हेही कबूल करते. वरच्या मजल्यावरचे तीन महिन्यांचे बाळ काय परत देणार? आणि सर्वस्व देणाऱ्यांचे काय? सातारा जिल्ह्यातल्या नायगावला १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ यशवंतच्या दवाखान्यात शुश्रूषेला उभ्या राहिल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथे ताट नाही, वाटी नाही, परतीची गोष्टच नाही. शेजारधर्माची मोजपट्टी त्यांना लावायला गेले तर पट्टी तोकडी पडते. एवढेच म्हणता येईल की त्या दुरून भेट द्यायला आल्या नव्हत्या. मुलाचा आजार आणि स्वतःचे शरीर ह्यांत त्यांनी अंतरच ठेवले नाही. आपण बहुतेकजण त्या जातीचे नव्हे. आपण संध्याकाळी टेंपोत बसून घरी परतणारी माणसे आहोत. आपल्यासाठी ताटाची रीत आहे, आणि ती पाळली तरी पुष्कळ झाले.

परतणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. तो दवाखाना पुराने अडचणीत आणला नव्हता. पुराने फक्त तो आम्हाला दाखवला. माणसे आधीपासून कमी होती, फ्रीज आधीपासून तळमजल्यावर होता, एका पलंगावर दोन मुले पावसाळ्यात एरवीही निजत असणार. त्या साध्या दिवसांत आमचा टेंपो गेला नव्हता. मिरजेत तंबोरे बनतात. गाणाऱ्याच्या मागे बसून तंबोरा धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण तो सुरुवातीला चार घटका जोरात वाजून मग थांबला, तर गाणाऱ्याने करावे काय? मदतीला जाणाऱ्याने गवई व्हायचे नसते. गाणारे तिथे आधीच असतात. घर बुडालेले असताना त्या गातच असतात. त्यांच्या मागे सूर धरायचा, आणि धरून ठेवायचा.

हे मी आज लिहिते आहे. वागले मात्र नाही. निघताना आम्ही सगळ्यांनी सांगितले होते, "पुन्हा येऊ." मी सिस्टरांचा हात हातात घेऊन सांगितले होते. त्या दिवाळीला जायचे ठरले, राहिले. मग २०२० साल आले आणि करोनाने सगळीच दारे लावली. त्या दवाखान्याची आठवण येई, आणि आठवणीबरोबर जी लाज येई ती टाळायला मी आठवणही टाळू लागले.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस झाला. २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि झोपेतली माणसे गाडली गेली. सांगलीतही कृष्णा पुन्हा धोक्याची खूण ओलांडून पन्नास फुटांच्या वर गेली होती. दोन दिवसांनी माझा दूरध्वनी वाजला. सिस्टर बोलत होत्या. मागे दवाखान्याची धावपळ ऐकू येत होती.

"ताई, तुमच्याकडं डोंगर आले म्हणून ऐकलं खाली. तुम्ही बऱ्या आहात ना? आमच्याकडनं दोन पोरं गाडी घेऊन निघायची म्हणतायत, पाणी उतरलं की. काय हवंय तिकडं? हवं तेवढंच सांगा."

माझ्या ओठांवर आले होते, काही नको, तुमच्याकडेच पूर आहे. ते शब्द मी गिळले. पाटणला काय हवे होते, हे मला साताऱ्यात बसून खरोखरच ठाऊक नव्हते.

मी म्हणाले, "थांबा सिस्टर. तिथल्या माणसांना विचारते, आणि तासाभरात तुम्हाला सांगते."